रशियन माणसाला डोक्यावर कडक सरकार का लागतं आणि अमेरिकेवर त्याचा नेमका राग कसला?

प्रश्न असा आलाय की रशियन लोकांना कायम कुणीतरी दांडगा माणूसच का लागतो, आधी झार, मग स्टालिन, आता पुतिन, आणि अमेरिकेचं नाव काढलं की त्यांचं डोकं का फिरतं, हे त्यांच्या रक्तातच आहे का? मी पुण्यात रशियन शिकलो, सोव्हिएत युनियन मोडलं त्या सुमारास मॉस्कोत शिकायला होतो आणि तेव्हापासून दुभाषेगिरीवरच घर चालतंय. औषधवाल्यांच्या मीटिंगा, मशिनरीची डील, मेडिकलला पोरं पाठवणारे आईबाप, मधे बरेच सीझन गोव्यात मोरजी-आरंबोलला चार्टरने येणारे टूरिस्ट. थोडक्यात रशियन माणूस मी टायमध्येही बघितलाय आणि चड्डीतही, आणि चड्डीत असताना तो जास्त खरं बोलतो. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

रक्ताचं आधी निकालात काढू. नोव्हगोरोद नावाचं शहर होतं तिथे गावसभा राजाला बोलावून घ्यायची आणि पटलं नाही तर हाकलूनही द्यायची, मॉस्कोच्या तिसऱ्या इवानने १४७८ मध्ये ते शहर गिळलं आणि सभेची घंटा उतरवून मॉस्कोला नेली. १६१३ मध्ये पहिला रोमानोव्ह गादीवर आला तो सुद्धा देशभरातल्या प्रतिनिधींनी एकत्र बसून निवडून. १९१७ च्या नोव्हेंबरात संविधान सभेसाठी निवडणूक झाली, त्यात लेनिनचे बोल्शेविक चक्क हरले, आणि जानेवारी १९१८ मध्ये त्या सभेची एक बैठक झाल्यावर त्यांनी तिला कुलूप लावलं. म्हणजे प्रत्येक वेळी दुसरा रस्ता होता आणि तो कुणीतरी हत्याराच्या जोरावर बंद केला. रक्तातच असतं तर हत्यार कशाला लागलं असतं?

आता मुद्द्यावर येतो. रशियन माणसाचं सरकारवर प्रेम आहे ही आपली मोठी गैरसमजूत आहे. सरकारवर त्याचा आपल्यापेक्षा कमी विश्वास असतो. ट्रॅफिकवाल्याला तो टाळणार, कोर्टात न्याय मिळेल असं त्याला स्वप्नातही वाटत नाही, बचत रुबलमध्ये ठेवायची की डॉलर घेऊन कपाटात टाकायची यावर घरोघरी चर्चा चालते, आणि टीव्हीवर मंत्री म्हणाला की टंचाई होणार नाही तर बायका लगेच साखर भरायला पळतात, २०२२ च्या मार्चमध्ये साखरेसाठी दुकानात अक्षरशः झोंबाझोंबी झाली. सरकारला ते पावसापाण्यासारखं धरतात, शिव्या घालायच्या, छत्री घ्यायची, बदलायला कोण जातंय. पण ह्याच माणसाला विचारा की सरकार कमकुवत झालं तर चालेल का, तर त्याचा चेहराच बदलतो. त्याला सरकार आवडत नाही, ते कोसळण्याची मात्र जबरदस्त धास्ती आहे, आणि ही धास्ती समजली की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

शाळेत पोरांना शिकवतात ती धास्ती जुनी आहे. १५९८ ते १६१३ हा त्यांचा अंदाधुंदीचा काळ, गादीला वारस नाही, दुष्काळ, तोतया राजपुत्र, आणि पोलिश फौज थेट क्रेमलिनमध्ये बसलेली. त्यांना हुसकावणारे मीनिन आणि पझार्स्की यांचा पुतळा रेड स्क्वेअरवर आहे, टूरिस्ट लोक समोरच्या रंगीत घुमटांचे फोटो काढतात आणि पुतळ्याकडे पाठ करून उभे राहतात. २००५ पासून ४ नोव्हेंबरची सुट्टी याच घटनेसाठी, ७ नोव्हेंबरची क्रांतीची सुट्टी काढून ही आणली. सरकारने सुट्टी कशाची द्यायची हे ठरवलं त्यातच सगळं आलं.

पण चारशे वर्षांपूर्वीच्या पोलिश फौजेमुळे आज कुणी मत देत नाही हो. खरी जखम १९९० च्या दशकाची आहे आणि ती मी डोळ्यांनी बघितलीय म्हणून इथे जरा थांबतो. २ जानेवारी १९९२ ला बहुतेक भावांवरचं सरकारी नियंत्रण एका झटक्यात उठवलं. त्या एका वर्षात महागाई २५०० टक्क्यांच्या आसपास गेली. टक्के वाचून काही कळत नाही, म्हणून माझ्या घरमालकिणीचं सांगतो. रिटायर्ड इंजिनियर बाई, नवरा गेलेला, सोव्हिएत काळात दोघांनी पै पै करून जिगुली गाडीसाठी पैसे साठवलेले, गाडीच्या वेटिंग लिस्टमध्ये नावही होतं. वर्ष संपता संपता त्याच पैशात तिचा महिन्याचा खर्च निघेना. पासबुकावर आकडा तोच, एक रुबल कमी झाला नव्हता. ती ते पासबुक चहाच्या कपाटात ठेवायची आणि मी भाडं दिलं की भाड्याच्या नोटा त्यातच घालायची, जसं काही ते अजून बँकेचं पुस्तकच आहे. सकाळी ती लुब्यांकाजवळ खेळण्यांचं मोठं दुकान आहे त्याच्या बाहेर जाऊन उभी राहायची, तिथे शेकडो लोक ओळीने हातात काहीतरी धरून उभे असायचे, कुणाकडे बुटांचा जोड, कुणाकडे काकडीच्या लोणच्याच्या बरण्या, कुणाकडे क्रिस्टलचे ग्लास. ओरडत कुणी नव्हतं. मास्तर, डॉक्टर, संशोधक, ज्यांनी आयुष्यात कधी काही विकलं नव्हतं ते बर्फात उभे राहून स्वतःचं घर विकत होते.

मग पगार थकायला लागले, महिनोन् महिने. गूस-ख्रुस्ताल्नी नावाच्या गावात काचेचा कारखाना आहे तिथे पगाराऐवजी काचसामानच दिलं लोकांना, ते घेऊन ती माणसं हायवेला आणि रेल्वेच्या फलाटावर फुलदाण्या विकायची. सरकारी कंपन्यांचे व्हाउचर प्रत्येक नागरिकाला वाटले, १०,००० रुबल दर्शनी किंमतीचे, बहुतेकांनी ते दोन बाटल्यांच्या भावात विकले किंवा बुडीत फंडात घातले, आणि पाच-सहा वर्षांत तेल, निकेल, ॲल्युमिनियम मूठभर लोकांच्या हातात. ऑक्टोबर १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष येल्त्सिनने स्वतःच्याच संसदेवर रणगाडे चालवले, आणि पश्चिमेकडच्या सरकारांनी त्यालाच पाठिंबा दिला. १९९४ मध्ये पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५८ च्या खाली गेलं, युद्ध नसताना. चेचन्यात युद्धही लागलंच. १७ ऑगस्ट १९९८ ला सरकारने कर्ज फेडायला हात वर केले, ६ रुबलचा डॉलर वर्षअखेर २० च्या वर, दुसऱ्यांदा बचत साफ.

हे सगळं होत असताना टीव्हीवर त्याला नाव काय होतं? लोकशाही. तुम्हीच सांगा, त्या माणसाच्या डोक्यात लोकशाही म्हटल्यावर काय येणार, मतपेटी का लोणच्याची बरणी?

त्यानंतर पुतिन आले आणि नशीब बघा, १९९८ मध्ये तेल १०-१२ डॉलर बॅरल होतं ते २००८ च्या जुलैत १४७ ला टेकलं. १९९९ ते २००८ अर्थव्यवस्था सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास वाढत होती. पेन्शन वेळेवर यायला लागली. यात कर्तृत्व किती आणि तेल किती यावर वाद घालता येईल, माझ्या मते तेल बरंच जास्त, पण पेन्शन घेणाऱ्या म्हातारीला तो हिशोब करायचा नसतो, तिला पोस्टातली बाई वेळेवर आली एवढंच दिसतं. आणि एक न लिहिलेला करार झाला: तुम्ही राजकारणात नाक खुपसू नका, आम्ही तुमच्या स्वयंपाकघरात येणार नाही. पुढची वीस वर्षं बरेचसे रशियन याच करारावर जगले, इजिप्त-तुर्कस्तान-गोव्याला फिरले, दाचा म्हणजे शहराबाहेरची सुट्टीची घरं बांधली, इकियातनं कपाटं आणली.

कडक नेता हवा म्हणजे कशासाठी हवा, हे बघायचं असेल तर पिकाल्योवोचा किस्सा बघा. सेंट पीटर्सबर्गपासून काही तासांवरचं छोटं गाव, सगळं गाव सिमेंट आणि ॲल्युमिनाच्या कारखान्यांवर. २००९ च्या मंदीत कारखाने बंद, पगार थकलेले, गावाचं गरम पाणीही बंद झालं. २ जूनला लोकांनी हायवे अडवला, प्रचंड जॅम. दोनच दिवसांत पुतिन, तेव्हा पंतप्रधान होते, हेलिकॉप्टरने हजर. मालकांना समोर बसवलं, त्यात देरिपास्का होता, त्या काळातला देशातला सगळ्यात गब्बर माणसांपैकी एक, आणि कॅमेऱ्यासमोर झुरळांसारखे पळत सुटलात म्हणून झापलं. करारावर सही केली का विचारलं, देरिपास्का उठून आला, कागद बघितले, सही केली, जायला निघाला तर पुतिन म्हणाले, पेन परत द्या. बस, एवढंच. ते पेन देशातल्या प्रत्येक टीव्हीवर दिसलं. कामगारांना त्याच दिवशी पैसे मिळायला लागले.

आपण बाहेरून बघतो आणि म्हणतो काय तमाशा आहे, ज्या राजवटीत हे अब्जाधीश पोसले गेले तीच त्यांना झापतेय. बरोबरच आहे. पण तिथल्या कामगाराच्या जागी बसून बघा, युनियनला कुणी विचारत नाही, कोर्ट मालकाचं, गव्हर्नर वरून बसवलेला, २००४ मध्ये बेस्लानच्या शाळेवरच्या हल्ल्यानंतर गव्हर्नरची थेट निवडणूकच काढून टाकली होती. मग उरतो कोण? सगळ्यात वरचा. राजा चांगला, सरदार हरामखोर, हा तिथला जुना हिशोब. वर्षातून एकदा पुतिन टीव्हीवर तासन् तास बसून लोकांचे फोन घेतात, गावातला रस्ता, दवाखान्यातलं छप्पर, त्याचं आपल्याला हसू येतं, पण फोन लागला त्या गावाचा रस्ता आठवड्यात होतो आणि शेजारच्या गावाचा होत नाही, म्हणून पुढच्या वर्षी अजून लोक फोन करतात. संस्था मोडायच्या आणि मग संस्थेचं काम आपण मेहेरबानी म्हणून करायचं, हा धंदा एकदा बसला की कडक नेत्याशिवाय चालत नाही असं लोकांना मनापासून वाटायला लागतं, आणि तसं वाटणं त्यांच्या परिस्थितीत वेडेपणाचंही नाही.

स्टालिनचं पण यातच बसतं. २०१९ मध्ये लेवादा सेंटर या मतपाहणी संस्थेच्या पाहणीत ७० टक्के लोकांनी त्याची इतिहासातली भूमिका चांगली म्हटली, आपल्याकडे बातमी आली की रशियन पुन्हा स्टालिनभक्त झाले. अहो, १९३७-३८ या दोन वर्षांत पावणेसात लाखांच्या वर माणसं गोळी घालून मारली, ज्यांच्या घरातलं कुणी गेलं नाही अशी घरं शोधावी लागतात. एका गिऱ्हाइकाच्या घरी मी जेवायला होतो, त्याच्या पणजोबाला तेव्हाच उचललेलं, तो स्वतः रागाने सांगत होता, आणि तासाभराने महापालिकेच्या लाचखोर माणसाचा विषय निघाला तर म्हणाला, यांच्यावर स्टालिनच पाहिजे होता. दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून, मधे फक्त सूप बदललं. त्याला स्टालिन परत नको होता, आज सत्तेत असलेल्यांना घाबरवायला काठी हवी होती. बाकी ज्या ‘मेमोरियल’ संस्थेने या मेलेल्यांची नावं गोळा केली ती डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाच्या हुकुमाने बंद झाली, आणि पुढच्या वर्षी तिला शांततेचं नोबेल मिळालं. काठी कुणाच्या हातात राहावी याबद्दल सरकारचं मत त्यावरून कळतं.

आणि हे लोक गपगुमान सहन करतात असंही नाही. जानेवारी २००५ मध्ये म्हाताऱ्यांची फुकट बस आणि औषधं काढून रोख पैसे द्यायचं ठरवलं तर ऐन थंडीत म्हाताऱ्यांनीच रस्ते अडवले, सरकारला मागे यावं लागलं. १४ जून २०१८ ला, फुटबॉल वर्ल्डकपच्या उद्घाटनाच्या दिवशी, म्हणजे सगळे टीव्हीसमोर असताना, रिटायरमेंटचं वय वाढवायची घोषणा केली, पुरुषांचं ६० वरून ६५, आणि युक्रेनचा क्रिमिया घेतल्यानंतर कमावलेली पुतिनची लोकप्रियता काही महिन्यांत खाली आली. अर्खांगेल्स्क प्रांतात शियेसला मॉस्कोचा कचरा आणून टाकायचा बेत होता, लोक दोन हिवाळे तंबू ठोकून बसले आणि तो रद्द झाला. हे सगळं जिथे तो न लिहिलेला करार मोडला तिथे तिथे झालं. मॉस्कोत निवडणूक चोरली म्हणून जे निघाले त्यांना मात्र दांडके आणि तुरुंग.

आता अमेरिका. इथे आपल्याला वाटतं की सोव्हिएत काळापासूनचं वैर आहे, पण उलट आहे. ३१ जानेवारी १९९० ला पुश्किन चौकात पहिलं मॅकडोनाल्ड्स उघडलं तेव्हा पहिल्याच दिवशी ३०,००० च्या आसपास माणसं रांगेत होती. १९९१ च्या आसपास पाहण्यांमध्ये दहातले आठ जण अमेरिकेबद्दल चांगलं बोलायचे. मी होतो तेव्हा आम्हा भारतीय पोरांना लोक विचारायचे की तुमच्याकडे जीन्स आहे का, आणि आम्ही अमेरिकेत का नाही गेलो. त्यांची समजूत अशी होती की शीतयुद्ध आपण दोघांनी मिळून संपवलं, आता दोघं बरोबरीने बसू. मग आले कोंबडीचे गोठवलेले अमेरिकन पाय, बुशचे पाय म्हणायचे त्याला, स्वस्त आणि पोटभर, लोक खायचे आणि खाताना शिव्या द्यायचे. दान घेणाऱ्याला दात्याचा राग येतो, आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

खरी फाटाफूट १९९९ ची. १२ मार्चला पोलंड, हंगेरी आणि झेक नाटोत गेले, आणि २४ मार्चला नाटोने युगोस्लाव्हियावर बॉम्ब टाकायला सुरुवात केली, सुरक्षा परिषदेची परवानगी न घेता. पंतप्रधान प्रिमाकोव्ह त्या वेळी कर्जाच्या बोलणीसाठी वॉशिंग्टनला निघाले होते, विमान अटलांटिकवर, बातमी कळल्यावर त्यांनी विमान वळवून परत मॉस्कोला आणलं. साधारण रशियन माणसाला नाटोचा करार कलम-बिलम काही माहीत नसतो, पण हे वळलेलं विमान प्रत्येकाला माहीत आहे. माझ्या ओळखीतली अगदी येल्त्सिनच्या बाजूची, इंग्रजी बोलणारी, पश्चिमप्रेमी माणसंसुद्धा त्या ७८ दिवसांत बदलली. आपल्याला विचारतसुद्धा नाहीत, हे त्यांना झोंबलं. पुढे २००४ मध्ये बाल्टिक देश नाटोत, २००७ ला म्युनिकमध्ये पुतिनचं कडक भाषण, २००८ ला जॉर्जियाशी युद्ध, आणि २०१४ मध्ये क्रिमियानंतर ओबामा म्हणाले की रशिया ही प्रादेशिक सत्ता आहे. ते वाक्य मी किती तोंडांतून ऐकलंय, टॅक्सीवाल्यापासून फार्माच्या डायरेक्टरपर्यंत. निर्बंधांपेक्षा ते जास्त लागलं.

त्या रागाची गंमत अशी की तो नळासारखा चालू-बंद होतो. जानेवारी २०१५ मध्ये ८० टक्क्यांच्या वर लोक अमेरिका वाईट म्हणत होते. २०१८ च्या उन्हाळ्यात वर्ल्डकप झाला, परदेशी लोक रस्त्यावर नाचले, ट्रम्प-पुतिन भेटले, तर चांगलं आणि वाईट म्हणणारे जवळजवळ बरोबरीत. २०२५ मध्ये ट्रम्प परत आल्यावर टीव्हीचा सूर बदलला आणि शत्रू नंबर एक म्हणून लोक अमेरिकेऐवजी जर्मनीचं नाव घ्यायला लागले. तीन पिढ्यांचं खानदानी वैर असं महिन्यात फिरत नाही. त्यांना अमेरिका हवी असते ती मोजपट्टी म्हणून, आपण किती मोठे हे तिच्याशी भिडल्याशिवाय कळत नाही, आणि तिने बोलायला बोलावलं की लगेच बरं वाटतं. हातात आयफोन, पोराला पाठवायचं लंडनला, आणि जेवताना पश्चिमेला शिव्या, हे बड्या लोकांचं मी इतक्यांदा बघितलंय की आता आश्चर्यही वाटत नाही.

चीनबद्दल अशी भावनाच नाही. १९६९ मध्ये उसुरी नदीतल्या दामान्स्की बेटावरून दोघांची चकमक झाली होती, माणसं मेली होती, आज तरुणांना नावही माहीत नसतं. २०२३ मध्ये दोघांचा व्यापार २४० अब्ज डॉलरच्या घरात गेला, मॉस्कोत रस्त्यावर हवाल आणि चेरी या चिनी गाड्याच गाड्या, मॉस्कविच हे जुनं सोव्हिएत गाडीचं नाव परत आणलं तर बॉनेटखाली जॅक या चिनी कंपनीचीच गाडी. चीन वरचढ आहे हे सगळ्यांना दिसतं, पण चीन त्यांना जाहीरपणे कमी लेखत नाही, म्हणून राग येत नाही. अतिपूर्वेकडचे, व्लादिवोस्तोक-खबारोव्स्कचे लोक मात्र दोन पेग झाले की वेगळं बोलतात.

आपल्याबद्दल विचाराल तर प्रेम आहे, पण राज कपूरवालं प्रेम आहे. १९७१ चा भारत-सोव्हिएत करार आपल्याला आठवतो तेवढा त्यांना आठवत नाही. अफानासी निकितिन हा त्यांचा व्यापारी पंधराव्या शतकात आपल्या चौलला उतरला होता, रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, एका रशियन ग्रुपला मुद्दाम दाखवायला नेलं तर त्यांना निकितिन शाळेत शिकलेला होता, पण तो आला ते हेच गाव हे ऐकून ते उडालेच. महासत्तांच्या यादीत आपण त्यांच्या डोक्यात नाही, म्हणून आपल्याशी ते मोकळे बोलतात, आणि दुभाष्याला त्याचा फायदाच होतो.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की म्हणजे नव्वदीतल्या हालअपेष्टा आणि पश्चिमेने केलेला अपमान, झालं, रशियाचं सगळं माफ. नाही. युक्रेनकडे बघा. तिकडे १९९३ मध्ये महागाई १०,००० टक्क्यांच्या वर गेली होती, रशियापेक्षा कितीतरी भयानक, तिथेही पगार थकले, तिथेही कारखाने मूठभरांनी लाटले. तरी युक्रेनियन लोकांनी १९९४ मध्येच सत्तेतला राष्ट्राध्यक्ष मतपेटीतून घरी पाठवला, आणि पुढेही पाठवत राहिले. तेव्हा नुसत्या गरिबीतून हुकूमशाही येते हे गणित चुकतं. रशियात त्याच्या जोडीला साम्राज्य गेल्याची सल होती, चेचन्याचं युद्ध होतं, आणि तेलाचे पैसे होते ज्यामुळे सरकारला लोकांच्या कराची, म्हणजे पर्यायाने लोकांच्या मताची, फारशी गरजच उरली नाही. आणि टीव्ही होता, जो वीस वर्षं रोज सांगत राहिला की आम्ही नसलो तर परत ती लोणच्याची बरणी घेऊन उभं राहावं लागेल. पर्याय म्हणून जो कुणी उभा राहिला त्याला एकतर देशाबाहेर, नाहीतर आत, नेम्त्सोव्हला २०१५ मध्ये क्रेमलिनच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर गोळ्या घातल्या, नवाल्नी फेब्रुवारी २०२४ मध्ये आर्क्टिकच्या तुरुंगात मेला, आणि मग लोकांनाच विचारायचं, यांच्याशिवाय आहे कोण?

युक्रेनवरच्या युद्धाला पाठिंब्याचे आकडे वाचताना पण हे लक्षात ठेवा. लेवादाच्या पाहण्यांत सैन्याच्या कारवाईला ७० टक्क्यांच्या वर पाठिंबा सांगतात, आणि त्याच पाहण्यांत निम्म्याहून जास्त लोक बहुतेक वेळा वाटाघाटी सुरू करा म्हणतात. ४ मार्च २०२२ पासून सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग असा कायदा आहे, अनोळखी माणसाने फोन करून विचारलं तर तुम्ही काय सांगाल? पण सगळेच घाबरून हो म्हणतात असंही मला वाटत नाही. बऱ्याच जणांचं असं असतं की युद्ध सुरू व्हायला नको होतं, पण झालंय तर हरायला नको, कारण हरलो तर नव्वद परत येईल. ही परत तीच धास्ती, आणि ती युक्रेनमधल्या बुचामध्ये मेलेल्या माणसांपुढे काहीही सिद्ध करत नाही, हे मी माझ्या तिकडच्या मित्रांनाही सांगितलंय, दोघांनी तेव्हापासून फोन बंद केलाय.

ही निष्ठा किती खोल आहे ते २४ जून २०२३ ला दिसलं. प्रिगोझिनची वाग्नर ही खासगी फौज बंड करून रोस्तोव्हमध्ये घुसली, लष्कराच्या मुख्यालयाला वेढा, आणि लोक काय करत होते? रणगाड्याबरोबर सेल्फी, सैनिकांना पाणी आणि खाऊ, संध्याकाळी फौज निघाली तेव्हा टाळ्या. पुतिनला वाचवायला एकही मोर्चा निघाला नाही, आणि पुतिनविरुद्धही नाही. सगळे घरी बसून टेलिग्राम बघत होते की जिंकतंय कोण.

तेव्हा पुढे काय होईल असं मला विचाराल तर नाटोच्या बातम्यांपेक्षा मी त्या जुन्या कराराकडे बघतो. २१ सप्टेंबर २०२२ ला ३ लाख लोकांची सक्तीची भरती जाहीर झाली आणि महिन्यात लाखो तरुण जॉर्जिया-कझाकस्तानला पळाले, सरकारने धडा घेतला आणि तेव्हापासून पैसे देऊन माणसं घेतं, २०२४ मध्ये मॉस्कोत सही करणाऱ्याला १९ लाख रुबल एकरकमी जाहीर केले, म्हणजे गरीब जिल्ह्यातल्या माणसाला काही वर्षांचा पगार. पैसे आहेत तोवर हे चालतं. आणि डिसेंबर २०२३ च्या त्या फोन-इन कार्यक्रमात एका पेन्शनर बाईने विचारलं की अंडी एवढी महाग का झाली. युद्धाबद्दल ज्या माणसाने आजवर एकदाही माफी मागितलेली नाही त्याने अंड्यांबद्दल मागितली, टीव्हीवर, सगळ्या देशासमोर, आणि हे सरकारच्या कामातलं अपयश आहे असंही म्हणाला.